हेडरवर ५५ अंश, तरी शॉवरमध्ये लिजिओनेला: क्लोरीन मारायचं की आधी पाइप बघायचे?

झडप_तीन:

पाच मजली हॉस्पिटल, गरम पाण्याच्या लाइनीत लिजिओनेला (निमोनिया करणारा जिवाणू) सापडला आहे. तळघरात दोन कॅलोरिफायर (पाणी तापवणाऱ्या टाक्या), प्रत्येकी २००० लिटर, समांतर जोडलेले. सात राइझर (वर जाणारे उभे पाइप); प्रत्येकाचा रिटर्न, म्हणजे परतीचा पाइप, खाली येऊन एका हेडरला, म्हणजे सामाईक पाइपाला, मिळतो, तिथून सर्क्युलेशन पंप आणि परत टाकी. पाइप बहुतेक तांब्याचे, वरच्या दोन मजल्यांवर नंतर वाढवलेला भाग पीपीआर प्लास्टिकचा.

टाकीतून निघताना ६०, रिटर्न हेडरवर ५५. कागदावर सगळं छान. पण राइझरनिहाय रिटर्न मोजला तर १ ते ७ क्रमाने: ५७, ५६, ५५, ५३, ५०, ४६, ४३.

बारा नमुन्यांपैकी पाच पॉझिटिव्ह, पाचही राइझर ६ आणि ७ वरचे. लिटरमागे २०० ते २४०० सीएफयू (कल्चरमध्ये उगवलेल्या वसाहती), दोनमध्ये लिजिओनेलाचा न्युमोफिला सेरोग्रुप १ हा प्रकार. शॉवर आणि बेसिनला टीएमव्ही (गरम-गार मिसळून ठरावीक तापमान राखणारे व्हॉल्व्ह) आहेत, सगळे ४१ वर. समितीचा कल ५० मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीनने शॉक, म्हणजे एकदाच जबर डोस, देण्याकडे आहे. एवढ्याने भागेल का?

उष्णांक:

नाही भागणार. क्लोरीन द्याल, पंधरवड्याने नमुने स्वच्छ येतील, सगळे टाळ्या वाजवतील आणि दोन-तीन महिन्यांत राइझर ७ पुन्हा तिथेच. जिवाणूला ४३ अंशांची लाइन आयती मिळते आहे, ती तशीच ठेवून औषध ओतण्यात अर्थ नाही.

हेडरचं तापमान बघून निर्धास्त राहणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. हेडरवर येतं ते मिश्रण, आणि त्यात जवळच्या राइझरचं पाणी बख्खळ असतं, कारण पाण्याला तोच सोपा रस्ता. लांबच्या राइझरची धार इतकी बारीक की त्याचा गारवा हेडरवर उमटतच नाही. मोजायचं ते प्रत्येक राइझरचा रिटर्न जिथे हेडरला मिळतो त्याच्या आधी.

तापमानाचं गणित थोडक्यात. २० ते ४५ मध्ये लिजिओनेला वाढतो, ३५ च्या आसपास सगळ्यात जोमाने. ५० च्या वर वाढ थांबते, पण मरायला वेळ लागतो: ५० ला नव्वद टक्के मरायला दीड-दोन तास, ६० ला साधारण दोन मिनिटं. म्हणून हॉस्पिटलच्या पाण्यासाठीच्या ब्रिटनच्या एचटीएम ०४-०१ या मार्गदर्शिकेत टाकीबाहेर ६०, आणि हॉस्पिटलात नळाशी एका मिनिटात ५५. जर्मनीचा डीव्हीजीडब्ल्यू डब्ल्यू ५५१ हा नियम आणखी कडक आहे, टाकी ते रिटर्न फरक ५ अंशांपेक्षा जास्त नको. मी स्वतः प्रत्येक राइझरला ५५ चं लक्ष्य धरतो. ५० ही काठावरची रेघ आहे, तिथे राहायला जायचं नसतं.

आता राइझर ७. समजा जाणारी-येणारी मिळून १०० मीटर पाइप, इन्सुलेशन ठीक, मीटरमागे १० वॅट गळती. म्हणजे १००० वॅट. ५ अंशांच्या घटीत तेवढी उष्णता भरून काढायला मिनिटाला सुमारे २.९ लिटर फिरायला हवं. तुमच्याकडे घट १७ अंशांची आहे, म्हणजे फिरतंय जेमतेम ०.८५ लिटर. आणि कुठे इन्सुलेशन निघालं असेल, गळती मीटरमागे ३० वॅट झाली असेल, तर गरज थेट ८.६ लिटरवर जाते. त्यामुळे व्हॉल्व्हला हात लावण्याआधी राइझरभर चालत जाऊन उघडे पाइप शोधा. फॉल्स सीलिंगच्या वर आणि व्हॉल्व्हच्या आसपास हमखास सापडतात. कोणीतरी दुरुस्तीसाठी काढलेलं असतं, परत घातलेलं नसतं.

बॅलन्सिंग (व्हॉल्व्ह आवळून सातही राइझरमध्ये पाणी नीट वाटणं) करताना:

पहाटे तीन-चारच्या सुमाराला करा, नळ चालू असले की वाचनाला अर्थ नसतो. आधी सगळे रिटर्न व्हॉल्व्ह पूर्ण उघडे, वाचन घ्या. मग सगळ्यात गरम, म्हणजे राइझर १, अर्ध्या आट्याने आवळा. अर्धा-पाऊण तास थांबा, पुन्हा सातही मोजा. मग २, मग ३. घाई केली तर पाइपाच्या धातूचं जुनं तापमान वाचत बसाल. सातही एक-दोन अंशांच्या आत आले की आटे मोजून व्हॉल्व्हवर टॅग लावा आणि कुलूपबंद करा, नाहीतर पुढच्या दुरुस्तीला कोणीतरी सगळं मोकळं करून जाईल.

जवळचे आवळूनही ७ वर येत नसेल तर अडथळा शोधा: त्या राइझरची गाळणी, अडकलेला एनआरव्ही (पाणी उलटं न जाऊ देणारी झडप), वर कोंडलेली हवा, किंवा स्पिंडल तुटून आतून बंद राहिलेला गेट व्हॉल्व्ह, जो बाहेरून उघडा दिसतो. ‘मोठा पंप लावू’ हा उपाय शेवटी. तांब्याच्या गरम फिरत्या लाइनीत वेग सेकंदाला १ मीटरच्या आतच ठेवा, नाहीतर एल्बोपाशी पाइप आतून झिजून छिद्रं पडतात.

पारा_चढला:

मोजण्याबद्दल एक. इन्फ्रारेड गन चकचकीत तांब्यावर रोखली की ती तांब्याचं नाही, खोलीचं प्रतिबिंब वाचते आणि बरंच कमी दाखवते. पाइपाला काळी इलेक्ट्रिकल टेप गुंडाळा आणि टेपवर रोखा. त्याहून बरं म्हणजे पट्ट्याने बांधायचा कॉन्टॅक्ट प्रोब, वरून फोमचा तुकडा. टाकीचा खालचा भागही मोजा. वर ६० आणि तळाशी ३८ असं सर्रास असतं, कारण गार पाणी तळातूनच आत येतं आणि गाळही तिथेच बसतो.

उष्णांक:

अगदी. उभ्या टाकीला वरून खाली पाणी फिरवणारा छोटा शंट पंप असावा. कमी वापराच्या वेळी, म्हणजे रात्री, निदान एक तास चालवून तळ ६० ला न्यायचा. तो टायमरवर ठेवा आणि ऐन मागणीच्या वेळी चालू राहणार नाही हे बघा, नाहीतर सगळी टाकी कोमट होईल. तळाचा ड्रेन व्हॉल्व्ह तीन महिन्यांनी उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा, वर्षातून एकदा मॅनहोल उघडून आत बघा. दोन टाक्या समांतर असतील तर दोन्हींतून सारखं पाणी जातंय का तेही तपासा. एकीतून सगळं आणि दुसरी नुसती उभी, असं होतं.

सोलरची प्रीहीट टाकी जोडलेली असेल तर ढगाळ दिवसांत तिच्यात ३५-४० अंशांचं पाणी दिवसेंदिवस पडून राहतं. तिथून येणारं सगळं पाणी पुढच्या टाकीत ६० ला पुरेसा वेळ थांबलं पाहिजे, नुसतं तिच्यातून धावत जाऊन चालणार नाही.

पेट्री_डिश:

प्रयोगशाळेच्या बाजूने. झडप_तीन, तुमचे नमुने नळ उघडल्याबरोबर घेतले की पाणी सोडून दिल्यावर? हे माहीत नसेल तर त्या आकड्यांवरून दुखणं कुठे आहे ते कळत नाही.

एकाच ठिकाणी दोन घ्या. पहिला नळ उघडताच, काहीही न पुसता, न सोडता: एक लिटर. मग टीएमव्ही असेल तर शक्यतो त्याच्या आधीच्या टेस्ट पॉइंटवरून, नळाचं तोंड निर्जंतुक करून आणि तापमान स्थिर होईपर्यंत पाणी सोडून दुसरा लिटर. पहिला जास्त आणि दुसरा स्वच्छ असेल तर घाण शेवटच्या दोन मीटरमध्ये: शॉवरहेड, होज, टीएमव्ही. दोन्ही सारखेच वाईट असतील तर राइझर किंवा टाकी.

बाटलीत सोडियम थायोसल्फेट असलंच पाहिजे, नाहीतर उरलेला क्लोरीन वाटेतच जिवाणू मारत जातो आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो. बाटलीवर वेळ, तापमान, क्लोरीनचं वाचन लिहा. उन्हात ठेवू नका, गोठवू नका, चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा.

कल्चर, म्हणजे जिवाणू वाढवून मोजणं, आयएसओ ११७३१ प्रमाणे. बीसीवायई आगर (ज्यावर तो वाढवतात ते खाद्य), आणि दहा दिवस. हा जिवाणू सावकाश वाढतो, म्हणून तिसऱ्या दिवशीचा ‘निगेटिव्ह’ घेऊन समितीपुढे जाऊ नका. पीसीआर एका दिवसात उत्तर देतो, पण मेलेल्या पेशींचा डीएनएही मोजतो. क्लोरीन किंवा उष्णतेच्या शॉकनंतर लगेच केला तर उगाच घाबरवतो. शॉकनंतर दोन दिवस ते आठवडा थांबून कल्चर पाठवा. लगेच पाठवलं तर जिवाणू धक्क्याने कल्चरमध्ये न वाढण्याच्या अवस्थेत असतात आणि तुम्हाला बरं वाटतं.

क्लोरीन का पुरत नाही तेही सांगते. पाइपाच्या भिंतीवर बायोफिल्मचा बुळबुळीत थर असतो, त्यात अमीबा चरत असतात. लिजिओनेला त्या अमीबाच्या पोटात शिरून तिथेच वाढतो. अमीबाने सिस्ट (कठीण कवच) धरली की ती ५० मिलिग्रॅम क्लोरीनलाही दाद देत नाही. वाहत्या पाण्यातले मेले, घर तसंच.

झडप_तीन:

नमुने सगळे पहिल्या धारेचे होते. आता जोडीने पाठवले आहेत. बॅलन्सिंग झालं: १ ते ६ आता ५४ ते ५५, आणि ७ वर ५१. ७ च्या मार्गात पाचव्या मजल्यावर सुमारे बारा मीटर उघडा पाइप होता, त्यावर इन्सुलेशन चढवलं. पण चौथ्या मजल्यावर ७ वरूनच निघणारी एक शाखा अजून ३८ च्या वर जात नाही. नळ पाच मिनिटं सोडला तरी ३८.

वॉशर_बदला:

गार पाणी घुसतंय. १५ मिलिमीटरच्या तांब्याच्या पाइपात मीटरला साधारण १५० मिलिलिटर पाणी मावतं. दहा मीटरची शाखा असली तरी दीड लिटर. मिनिटाला सहा लिटरच्या धारेला पंधरा सेकंदांत गरम यायला हवं. पाच मिनिटांनीही ३८ म्हणजे गरम लाइनीत कुठूनतरी सतत गार मिसळतंय, बहुधा एखाद्या मिक्सरमधून.

तपासायची सोपी रीत: त्या शाखेचा गरम पाण्याचा आयसोलेटिंग व्हॉल्व्ह बंद करा. मग तिथल्या साध्या बेसिनचा गरम नळ पूर्ण उघडा. पाइपातलं उरलंसुरलं पाणी येऊन धार थांबली पाहिजे. थांबली नाही, वाहतच राहिली, तर ते गार पाणी आहे, मिक्सरमधून उलटं येतंय. आता नळ वाहता ठेवून एकेका मिक्सरचे आयसोलेटर बंद करत जा. ज्याच्याशी धार थांबेल तो चोर.

सगळ्यात आधी जेट स्प्रे आणि हँड शॉवर बघा. माणसं मिक्सर उघडा ठेवून फक्त हातातलं ट्रिगर सोडतात. मग आत गरम आणि गार दोन्ही बाजू एकमेकींना जोडलेल्या राहतात, तोंड बंद. दोन्हीकडचे एनआरव्ही धड असतील तर निभावतं. क्षार बसून एक जरी अर्धवट उघडा राहिला आणि गारचा दाब गरमपेक्षा जास्त असला की गार पाणी गरम लाइनीत ढकललं जातं. दाब उलटा पडला तर गार लाइन कोमट होते, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. गार नळ दोन मिनिटं सोडून २० च्या वर येतोय का ते बघा; उन्हाळी मुख्य लाइनच तापलेली असेल तर तुलनेसाठी टाकीपाशीचं तापमान घ्या.

टीएमव्ही उघडलात की एकदाच नीट करा: दोन्ही बाजूंच्या गाळण्या काढून धुवा, एनआरव्ही शक्यतो बदलाच, कार्ट्रिज क्षार काढणाऱ्या सौम्य आम्लात भिजवून खळखळून धुवा, ओ-रिंगना सिलिकॉन ग्रीस. पेट्रोलियम जेली नको, रबर फुगतं. बसवल्यावर ४१ ला सेट करून फेल-सेफ बघा: गार आयसोलेटर झटकन बंद करा, पाच सेकंदांत धार बंद किंवा थेंबथेंब व्हायला हवी. गरम येतच राहिलं तर तो व्हॉल्व्ह रुग्णाला भाजवणार, लावू नका. ४१ शॉवर आणि बेसिनला ठीक. बाथटबला ४४ पर्यंत चालतं.

टीएमव्ही नळाच्या दोन मीटरच्या आत हवा. एक टीएमव्ही आणि पुढे सहा शॉवर अशी मांडणी असेल तर ती सगळी लाइन ४१ ला पडून राहते आणि मागे कितीही तापवा, तिथे उष्णता पोचतच नाही. आणि बेसिनखालच्या वेणीच्या लवचिक होज काढून टाका. आतलं ईपीडीएम रबर बायोफिल्मचं खाद्य आहे. सेन्सरचे नळही जपून. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलच्या अभ्यासात साध्या नळांपेक्षा त्यांच्यात लिजिओनेला जास्त सापडला होता. आत झडपा आणि जाळ्या जास्त, धार कमी.

बंद केलेल्या फाट्यांचं काय? बेसिन काढलं आणि भिंतीत टोपी लावून पाइप तसाच ठेवला, असे फाटे टी-जोडापासूनच कापा, टी सुद्धा काढून सरळ तुकडा घाला. एक्स्पान्शन व्हेसल (तापून फुगलेलं पाणी सामावणारी टाकी) हाही असाच बंद खिसा असतो, त्यातून पाणी वाहणारा प्रकार घ्या.

किफायत:

एवढं तापवत बसण्यापेक्षा टाकी ५० वर आणून क्लोरीन डायऑक्साइडचं डोसिंग (सतत थोडं थोडं औषध सोडणं) लावलं तर? इंधन वाचेल, भाजण्याचा धोका कमी, क्षारही कमी बसतील.

उष्णांक:

नव्या हॉस्पिटलात कोणी हे विचारपूर्वक उभं केलं तर वाद घालेन, पण नाकारणार नाही. इथे मात्र विरोध. ज्या राइझरमध्ये पाणीच फिरत नाही तिथे औषध तरी कसं पोचणार? फिरत नसलेल्या शाखेला ना उष्णता मिळते ना डायऑक्साइड. शिवाय डोसिंग पंप रात्री बंद पडला तर ५० अंशांची टाकी सकाळपर्यंत विनासंरक्षण. उष्णतेचं एक बरं आहे, हात लावून कळते.

क्लोरीन डायऑक्साइड हा पाण्यात विरघळलेला वायू आहे, गरम पाण्यातून उडून जातो. म्हणून गरम लाइनीच्या टोकाला शिल्लक मोजल्याशिवाय डोस खरा धरू नका. उपउत्पादन क्लोराइट. पिण्याच्या पाण्यात ब्रिटनमध्ये डायऑक्साइड, क्लोराइट आणि क्लोरेट मिळून ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर, अमेरिकेत डायऑक्साइडला ०.८ आणि क्लोराइटला १.०. आणि पॉलिमरचे पाइप यात ठिसूळ होतात; तुमच्याकडे दोन मजले पीपीआर आहे, उत्पादकाचं लेखी मत घ्या.

पेट्री_डिश:

तांबं-चांदी आयनायझेशन (पाण्यात या धातूंचे आयन सोडून जिवाणू मारणं) राहिलं. तांबं ०.२ ते ०.४ आणि चांदी ०.०२ ते ०.०४ मिलिग्रॅम प्रतिलिटर, नळाशी मोजलेलं. उष्णतेने उडत नाही हा मोठा फायदा. पण पीएच ८ च्या पुढे गेला की तांब्याचा परिणाम घसरतो, आणि पाणी जड असेल तर इलेक्ट्रोडवर क्षार चढून करंट असून आयन सुटत नाहीत. पॅनेलवरचा आकडा बघून समाधान मानू नका, नळाचा नमुना धातूंसाठी तपासा.

मोनोक्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं जंतुनाशक) बायोफिल्ममध्ये जास्त आत शिरतो, टिकतोही, पण नायट्राइटवर लक्ष ठेवावं लागतं.

आरओ_टेक:

मोनोक्लोरामाइन किंवा कुठलंही डोसिंग सुरू करण्याआधी डायलिसिस युनिटला लेखी कळवा, कृपया. क्लोरामाइन डायलिसिसच्या पाण्यात गेलं तर रुग्णाच्या तांबड्या पेशी फुटतात. कार्बन टाक्या दोन, एकामागे एक, मिळून दहा मिनिटांचा संपर्ककाळ, आणि पहिल्या टाकीनंतर एकूण क्लोरीन ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत. दर पाळीआधी मोजायचं. ‘गरम लाइनीतच डोस देतोय, तुमची गार लाइन वेगळी’ असं म्हणाल तर वर वॉशर_बदला यांनी उलट्या वाहण्याबद्दल लिहिलंय ते पुन्हा वाचा. शॉक देण्याच्या दिवशी युनिटचा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप, आणि लाइन धुऊन क्लोरीन मोजल्याशिवाय उघडायचा नाही.

उष्णांक:

आता शॉकचंच. दुरुस्ती झाल्यावर एकदा द्यायला हरकत नाही, पण मी उष्णतेचा निवडेन.

टाकी ७० च्या वर न्या, प्रत्येक नळाला ६० च्या वर पाणी येऊ द्या आणि तिथून पाच मिनिटं मोजा. जर्मन रीत ७० ला तीन मिनिटं. पाण्याचा हिशोब आधी मांडा: १२० नळ, मिनिटाला सहा लिटर, पाच मिनिटं, म्हणजे ३६०० लिटर. ४००० लिटरच्या टाक्यांतून गार पाणी मिसळण्याआधी तेवढं मिळत नाही. आणि ३६०० लिटर २५ वरून ७० ला न्यायला जवळपास १९० युनिट ऊर्जा लागते; ६० किलोवॅटच्या हीटरला तीन तासांहून जास्त. म्हणून एका रात्री एक किंवा दोन राइझर. टीएमव्हीच्या पुढे ७० जाणारच नाही, त्याला बायपास द्या किंवा तो भाग वेगळा निर्जंतुक करा. पीपीआरचा दाबवर्ग ७० अंशांना पुरतो का तेही आधी बघा.

६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाच सेकंदांत खोल भाजते, ७० ला एक सेकंदही लागत नाही. त्या राइझरवरच्या प्रत्येक बाथरूमच्या दाराशी माणूस हवा, नुसती पाटी नाही.

क्लोरीनच द्यायचा असेल तर: टाक्या ४००० आणि पाइप धरून ४६०० लिटर, ५० मिलिग्रॅमप्रमाणे २३० ग्रॅम क्लोरीन. दहा टक्क्यांचं हायपोक्लोराइट २.३ लिटर, तेही ताजं असेल तर. जुना कॅन तपासून घ्या. आधी पाणी गार होऊ द्या, तापलेल्या पाण्यात ओतलं तर क्लोरीन वायू होऊन निघतो. टोकाच्या नळाला ५० मिलिग्रॅम दिसलं की एक तास. त्याच दिवशी क्षार काढायचं आम्ल त्या लाइनीत अजिबात नको, विषारी वायू होतो. पीएच बघा: ७.५ ला निम्मा क्लोरीन कामाचा असतो, ८ ला जेमतेम पाव.

वॉर्ड_सात:

हे सगळं होईपर्यंत वॉर्डात काय? राइझर ६ आणि ७ वर ज्यांची प्रतिकारशक्ती दबलेली आहे त्यांचे शॉवर आजपासून बंद, स्पंजिंग. नाहीतर नळाला ०.२ मायक्रॉनचा फिल्टर. नेब्युलायझर, ह्युमिडिफायर, श्वसनाची उपकरणं धुण्यासाठी नळाचं पाणी कधीच नाही, निर्जंतुक पाणीच. त्या लाइनीवरचं बर्फाचं मशीन बंद करा.

डॉक्टरांना सांगा की निमोनिया असेल तर फक्त लघवीच्या अँटिजेनवर थांबू नका. ती चाचणी मुख्यतः सेरोग्रुप १ पकडते. थुंकीचा किंवा श्वासनलिकेचा नमुना कल्चर-पीसीआरला पाठवा, पाण्यातल्या वाणाशी जुळवताही येतं. मागचे दोन आठवडे हॉस्पिटलातच असलेल्या रुग्णाकडे खास लक्ष, कारण लागण ते लक्षणं हा काळ सहसा २ ते १० दिवसांचा, क्वचित जास्त.

झडप_तीन:

चोर सापडला: ४०९ च्या बाथरूमचा जेट स्प्रे, मिक्सर उघडाच होता आणि गरम बाजूचा एनआरव्ही क्षाराने उघडा अडकलेला. बदलल्यावर शाखेवर ४० सेकंदांत ५४. पहाटे पुन्हा मोजलं तेव्हा ७ चा रिटर्नही ५४ वर. आता एक प्रश्न रिकाम्या खोल्यांचा. रोज फ्लश करायला हाउसकीपिंगकडे माणसं नाहीत.

वॉर्ड_सात:

साध्या खोल्या आठवड्यातून दोनदा, जोखमीच्या वॉर्डात रोज. आधी गरम, तापमान स्थिर होईपर्यंत आणि मग एक मिनिट, नंतर गार. शॉवरला तुषार उडू देऊ नका: हेडवर प्लास्टिकची पिशवी बांधा, खालचा कोपरा कापून ठेवा, पाणी तिथून निघेल. वहीत ‘फ्लश केलं’ अशी खूण नको, गरम पाण्याचं तापमान लिहायला लावा. बसल्या जागी भरलेली वही लगेच ओळखू येते, सगळीकडे ५५.

वॉशर_बदला:

आणि जी खोली सहा-सहा महिने वापरात येत नाही तिथला नळ फ्लश कशाला करता? टीपासून काढा. फ्लशची यादी जितकी लहान, तितकी ती खरी भरली जाते.

झडप_तीन:

फिल्टरबद्दल शेवटचं. ३१ दिवसांचे मागवलेत. मुदत संपेपर्यंत निर्धास्त ना?

पेट्री_डिश:

पाण्याच्या बाजूने हो. पण बेसिनच्या भांड्यातलं पाणी उडून किंवा कोणाचा हात लागून फिल्टरचं तोंड बाहेरून दूषित होतं, मुख्यतः सुडोमोनास या जिवाणूने. फिल्टर आणि बेसिनच्या काठात अंतर ठेवा, धार सरळ ड्रेनच्या जाळीवर पडू देऊ नका, आणि त्या बेसिनात सलाइनचं किंवा तोंड धुतलेलं पाणी ओतायला मनाई करा. बदलल्याची तारीख फिल्टरवरच मार्करने लिहा. धार एकदम मंदावली तर मुदतीची वाट न बघता बदला, आणि ती का मंदावली हे बघायला मागची गाळणी उघडा. दुरुस्तीनंतर सुटलेला क्षार बहुधा तिथेच येऊन साचलेला असतो.